त्रेसष्ट अनोळखी माणसं

आमच्या धाकट्या इंदूचं लग्न झालं ते साल एकोणीसशे ब्याण्णव. वैशाखातलं ऊन. लग्नाला आठ दिवस असताना माझा मेहुणा रंगनाथ सावरखेड्याला आवतण देऊन परत आला आणि ओट्यावर टेकून आधी दोन तांबे पाणी प्याला.

"दिलं का?" मी विचारलं.

"दिलं. कुंकू लावून, अक्षत हातात ठेवून दिलं."

"मग? येते म्हणाली?"

रंगनाथनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "दाजी, तिनं एकच विचारलं. म्हणाली, माझ्या भावाला लिहायला आलं का?"

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? खोटं बोलू? नाही आलं म्हटलं. तर म्हणाली, मग माझा भाऊ अजून आला नाही. आला की सांगा, मी भाचीच्या लग्नाला चालत येईन."

माझी बायको ठकूबाई दारात उभी होती. आत जाऊन तिनं आत्याच्या मानाची म्हणून आणलेली हिरवी साडी पेटीत खाली दाबून ठेवली. इंदूच्या लग्नात आत्याची जागा मोकळी राहिली. पाहुण्यांनी विचारलं, तेव्हा आम्ही तिला बरं नाही म्हणून सांगितलं.

गया माझी एकुलती बहीण. माझ्याहून चार वर्षांनी धाकटी, पण ती चौथीपर्यंत शाळेत गेली, मी कधी गेलो नाही. ती माझ्याबद्दल असं का म्हणाली ते सांगायचं तर मागं जावं लागेल.

मी आरएमएसमध्ये होतो. म्हणजे आगगाडीनं जाणाऱ्या टपालाचं खातं. आमच्या जंक्शनवर गाडी थांबली की टपालाच्या थैल्या उतरवायच्या आणि पुढच्या चढवायच्या. पस्तीस वर्षं मी लोकांची पत्रं पाठीवरून वाहिली आणि त्यातलं एक अक्षर मला कळत नव्हतं. मुकादम ओरडून सांगायचा, आम्ही उचलायचो. कामाचा नियम एकच होता. जी थैली आधी आली ती आधी चढणार. मधली ओढायची नाही. मधली ओढली की रांग मोडते, आणि रांग मोडली की थैली चुकते. हा नियम माझ्या हाडांत गेला होता.

चौऱ्याहत्तर साली गयाचं पत्र आलं, कामावरच्या पत्त्यावर. मी ते खरोटे नावाच्या, गावागणिक पत्रं लावणाऱ्या सॉर्टरकडे नेलं. दुपारच्या गाडीला वेळ होता. आम्ही आठ-दहा जण फलाटावर थैल्यांना टेकून बसलो होतो. खरोटे वाचायचा चांगला. आवाज चढवून, मध्येच थांबून, तमाशातल्या सोंगाड्यासारखा वाचायचा.

"भाऊ, नवरा मारतो. काल चुलीतलं जळतं लाकूड पाठीला लावलं. मला घेऊन जा. हे कुणाला कळू देऊ नको."

शेवटची ओळसुद्धा त्यानं त्याच आवाजात वाचली. दोघं-तिघं हसले. मी हसलो नाही. पण मी उठून ते पत्र त्याच्या हातातून घेतलंही नाही. पुरं होईपर्यंत बसून ऐकलं.

त्या हमालांत दगडू म्हणून एक होता, त्याची सासुरवाडी सावरखेड्याची. चार दिवसांत गोष्ट तिकडं पोचली. मला रजा मिळून मी पोचलो तो नवव्या दिवशी. गया दारात उभी होती. तिचे पुढचे दोन दात नव्हते.

"चल," मी म्हणालो. "घ्यायला आलोय."

"पत्र कुणी वाचलं?"

"खरोटेबाबूनं."

"आणिक कोण कोण होतं?"

मी नावं सांगितली नाहीत. तिनंच सांगितली. सगळी बरोबर होती.

"भाऊ," ती म्हणाली, "मी तुला लिहिलं होतं. फलाटाला लिहिलं नव्हतं. आता मी कुठं येत नाही. ज्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी वाचशील आणि स्वतःच्या हातानं लिहिशील, त्या दिवशी मला बहीण म्हण."

तिनं दार लावून घेतलं. पुढं तिचा नवरा मेला, तेव्हाही मला कळवलं नाही.

मग शिकायला अठरा वर्षं का लागली? कामाच्या पाळ्या होत्या, पोरं होती, लाज होती. तिन्हींत लाज मोठी होती. मी मात्र एक केलं. त्या दिवसापासून एकही पत्र कुणाकडून वाचून घेतलं नाही. आलेलं पत्र तसंच पेटीत टाकायचो. ठकूबाईला वाचता येत नव्हतं, आणि पोटच्या पोरांनासुद्धा मी हात लावू दिला नाही.

इंदूचं लग्न झालं त्याच वर्षी मी निवृत्त झालो आणि समाजमंदिरात साक्षरतेचा वर्ग निघाला. संध्याकाळी सहा ते आठ. शिकवायला कुलथेबाई होत्या, माझ्या इंदूच्या वयाच्या. पहिल्या दिवशी मी म्हशीसारखा मागच्या भिंतीला चिकटून उभा राहिलो.

"काका, बसा ना," त्या म्हणाल्या. "काय लिहायला शिकायचंय तुम्हाला? नाव?"

"एक पोस्टकार्ड," मी म्हणालो.

वर्ष गेलं. बोटांना घट्टे होते, पेन्सिल धरली की मोडायची. बेचाळीस पेन्सिली मोडल्यावर बाईंनी मला बोरू आणून दिला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी वाचायला लागलो. वाचायला म्हणजे कसं, एक अक्षर धरायचं, ते सोडायचं नाही आणि दुसरं धरायचं. हाताचं लिखाण असेल तर एका कार्डाला अख्खी सकाळ जायची.

मी गयाला कार्ड लिहिलं. फाडलं. दुसरं लिहिलं. त्यावर शाईचा डाग पडला, फाडलं. सहावं फाडताना बाईंनी हात धरला.

"पाठवा हो काका. बहीण काय अक्षर बघणार आहे?"

"तुम्हाला माझी बहीण माहीत नाही बाई. ती दुसरं काहीच बघणार नाही."

बाई हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी एक मासिक आणलं. त्यात 'अनोळखी मित्र' नावाचं सदर होतं. नाव, वय, पत्ता छापून यायचा. आपण त्यातल्या कुणालाही कार्ड लिहायचं, तोही आपल्याला लिहितो. ओळख ना पाळख. सदराच्या खाली बारीक अक्षरांत छापलं होतं: 'नव्या मित्रांनी महिन्याला पाचपेक्षा जास्त कार्डं पाठवू नयेत. हा छंद दमानं करायचा आहे.'

मला ते पटलं. दमानं करण्याचं नव्हे. परक्याच्या दारात माझं अक्षर धडपडलं तरी कोण बघतंय, ते पटलं. मी मनाशी ठरवलं, परक्या माणसांना शंभर कार्डं लिहायची. हात बसला की एकशे एकावं गयाला.

बाईंनी माझं नाव मासिकाला पाठवलं. श्रावणात ते छापून आलं. मी बारीक अक्षरं विसरलो आणि पहिल्या महिन्यात चाळीस कार्डं टाकली. सकाळी उठायचो ते बोरू घेऊनच. ठकूबाई चहा ठेवून जायची, तो गार व्हायचा. "माझं नाव निवृत्ती गांगुर्डे. मी टपालाच्या थैल्या वाहत होतो. तुमचं कसं चाललं आहे?" एवढंच चाळीस वेळा.

मग उत्तरं यायला लागली. एका दिवशी अकरा आली. आमचा पोस्टमन अल्ताफ सायकल ओट्याला लावून म्हणाला, "काका, इलेक्शनला उभे राहताय का?"

उत्तरं एकेक अशी होती की बस. मिरजेच्या एका निवृत्त बँडवाल्यानं विचारलं होतं, आपला आवडता राग कोणता. मी दोन दिवस विचार केला, आणि माझा राग फार लवकर येतो असं प्रामाणिकपणे कळवलं. अकोल्याची एक नर्स लिहायची, माझ्याशी बोलणारे सगळे आजारी असतात, म्हणून तुम्हाला लिहिते. बार्शीच्या एका शिंप्याचं अक्षर खसखशीएवढं होतं. त्याचं एक कार्ड वाचायला मला दोन दिवस लागले, आणि त्यात त्यानं फक्त त्याच्या पोपटाला काय काय बोलता येतं ते लिहिलं होतं.

भाद्रपदात माझे डोळे सुजले. डोकं धरून मी चार दिवस पडलो. बाई घरी आल्या.

"काका, हे काय चालवलंय? त्या सदरात काय लिहिलं होतं?"

"दमानं."

"मग? आता मी सांगते तसं करा. दिवसाला एकच कार्ड वाचायचं. आठवड्याला दोनच लिहायची. बाकीची राहू देत. अनोळखी माणसाला घाई नसते."

हे मला फार आवडलं. हे माझ्या कामासारखंच होतं. इंदूच्या लग्नातल्या लाडवांचा पत्र्याचा डबा मी घेतला. आलेलं कार्ड पालथं घालून सगळ्यात खाली ठेवायचं. रोज सकाळी वरचं एक काढायचं. आधी आलेलं आधी. न वाचता, न बघता रांगेत. मला त्यात एक सुख वाटायला लागलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसलो, आता पत्रं माझी वाट बघत होती.

"गयाला कधी?" ठकूबाई अधूनमधून विचारायची.

"शंभर होऊ देत."

"किती झाली?"

"एकावन्न."

"म्हणजे म्हातारपण आलं की."

"ते आलेलंच आहे. तू भाकरी बघ."

ऑक्टोबरची पंचवीस तारीख होती. तारीख मला नंतर शिक्क्यावरून कळली. अल्ताफ आला, चार कार्डं माझ्या हातात दिली आणि सायकलवर बसायच्या ऐवजी उभाच राहिला.

"काका, यातलं एक आजच वाचा."

"का?"

"मी सांगतो म्हणून वाचा."

माझ्या डोक्यात एकदम फलाट आला. "तू वाचलंस?"

तो खाली बघायला लागला. "कार्ड उघडं असतं काका. नजर जाते."

"नजर जाते? लोकांच्या पत्रांवर नजर टाकायचा पगार घेतोस का? एकदा अशाच एकानं माझं पत्र वाचलं होतं. काय झालं ते तुला माहीत आहे? पुन्हा माझ्या कार्डावर नजर गेली तर पोस्टमास्तरांकडे येईन."

गल्लीतली माणसं बाहेर आली. अल्ताफ पंधरा वर्षं आमच्या दारात येत होता, ठकूबाईच्या हातचा चहा पीत होता. त्याचा चेहरा काळवंडला. पायडलवर पाय ठेवून तो म्हणाला, "मी तोंड उघडणार नाही काका. पण तुम्ही डबा उघडा."

तो गेल्यावर ठकूबाई म्हणाली, "एवढं म्हणतोय तर बघा की."

"रांगेत येईल."

"रांगेत! रेशनचं दुकान आहे का हे?"

मी चारही कार्डं पालथी केली आणि तळाशी ठेवली. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी मुद्दाम ठेवली. अल्ताफनं सांगितलं नसतं, तर कदाचित मी एखादं उलटून बघितलंही असतं.

दिवाळी आली. इंदू नवऱ्याला घेऊन माहेरपणाला आली, थोरला मुलगा पोपटही भुसावळहून पोरांना घेऊन आला. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. चार दिवस मी डबा उघडला नाही. भाऊबिजेला इंदूनं पोपटला ओवाळलं. पोपटनं तिच्या ताटात घड्याळ घातलं, आणि ती लहानपणीसारखी नाचली. मी ओट्यावर येऊन बसलो. पश्चिमेला दुजेची कोर दिसत होती, नखाएवढी. बघता बघता घरांच्या मागं गेली.

ठकूबाई शेजारी येऊन बसली. "गया काय करत असेल हो?"

ज्या बाईला भाऊ नाही, ती बिजेला चंद्राला ओवाळते. आमच्याकडे तशी रीत आहे. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

"पुढच्या बिजेला जाऊ," मी म्हणालो. "तोवर शंभर होतात."

बीज होऊन तेरा दिवस झाले. रविवार होता. सकाळचं ऊन ओट्यावर आलं, तसा मी डबा घेऊन बसलो. वरचं कार्ड उलटलं. निळी शाई, गोल अक्षर, शाळेत शिकलेल्या मुलीचं. मला ते वाचायला तास गेला. ते असं होतं:

'श्री. निवृत्ती गांगुर्डे यांस नमस्कार. शेजारच्या शोभाकडे मासिक येतं. त्यात तुमचं नाव आणि पत्ता छापून आला आहे. अनोळखी माणसांना पत्रं लिहायची तुम्हाला आवड आहे, असं त्यात आहे. मीही आता अनोळखीच, म्हणून लिहिते. मी बोलते आणि शोभा लिहिते. शोभाचं तोंड मिटलेलं असतं. मला नवरा होता, तो गेला. एक भाऊ आहे. एकोणीस वर्षं मी बिजेला चंद्राला ओवाळते. यंदा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, दुजेची कोर दिसत नाही. म्हणून यंदा भावाला बोलवायचं आहे. त्याला वाचता येतं, असं मासिकातून कळलं. बिजेला दिवेलागणीला ताट करून दारात बसेन. गयाबाई, सावरखेडे.'

'शोभाचं तोंड मिटलेलं असतं' या ओळीपर्यंत मला काही कळलं नव्हतं. त्या ओळीला बोट थांबलं. पुढचं मी कसं वाचलं ते आठवत नाही. ठकूबाईनं विचारलं, "कुणाचं आहे?" मी पहिल्यांदा एक कार्ड दुसऱ्याला वाचून दाखवलं. तिनं ऐकलं आणि पेटी उघडून, तळाशी दाबलेली हिरवी साडी काढून माझ्या पिशवीत घातली.

"घाई करू नका," ती म्हणाली. "आता काय घाई आहे?"

असं ती एरवी कधी बोलली नव्हती.

पॅसेंजरनं मी चाळीसगावला उतरलो. एसटीला अर्धा तास होता. स्टँडच्या बाकावर बसून मी कार्ड लिहिलं. त्रेसष्ट परक्यांना लिहून झाली होती, हे चौसष्टावं. डाग पडला नाही. एक अक्षर वाकडं आलं नाही.

सावरखेड्यात गयाचं घर होतं तिथंच होतं. ती ओट्यावर वांगी चिरत होती, डोळे मिटून, बोटांनी चाचपून. केस सगळे पांढरे. मी समोर उभा राहिलो. तिनं तोंड वर केलं, पण डोळे माझ्या खांद्याच्या बाजूला कुठंतरी होते.

"कोण आहे?"

"मी."

सुरी थांबली. "कोण मी?"

"निवृत्ती."

ती पुन्हा चिरायला लागली. "बस. शोभा, पाणी आण गं. पाहुणे आलेत."

शोभा म्हणजे शेजारची सून, पंचवीस-सव्वीसची. तिनं पाणी आणलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी न पिताच तांब्या खाली ठेवला.

"तुझं कार्ड मिळालं," मी म्हणालो.

"कधी?"

खोटं बोलता आलं असतं. टपालाला उशीर झाला म्हटलं असतं तर तिनं ऐकलं असतं. पण टपाल मला पस्तीस वर्षं माहीत होतं. "पोचलं वेळेवर. वाचलं आज सकाळी."

"महिना लागतो का एक कार्ड वाचायला?"

"तासभर लागतो. पण रांग होती. तुझ्या वर एकोणतीस कार्डं होती."

"कुणाची?"

"असेच. अनोळखी लोक. दिवसाला एक वाचतो. आधी आलेलं आधी."

"आणि लिहिलीस किती?"

"त्रेसष्ट."

"त्या लोकांनाच?"

"हो."

"आणि मला?"

"शंभर झाल्यावर तुला लिहिणार होतो. हात बसावा म्हणून." मी खिशातून कार्ड काढून तिच्या हातात दिलं. "हे आज लिहिलं. माझ्या हातानं."

तिनं ते कार्ड डोळ्यांपाशी नेलं, अगदी नाकाला लावलं. मग शोभाकडे धरलं. शोभा वाचायला लागणार, तशी म्हणाली, "वाचू नको. अक्षर कसं आहे तेवढं सांग."

"चांगलं आहे आजी. छान वळणदार आहे."

"असणारच," गया म्हणाली. "त्रेसष्ट परक्यांवर हात बसवलाय."

शोभा कार्ड ठेवून आत गेली. मला गयाच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटत होतं, पण धाकट्या बहिणीच्या पायावर डोकं ठेवायची रीत नाही, आणि मी माणूस रीतीचा.

"बिजेला बसली होतीस?" मी विचारलं.

"बसले की. दिवे लागले तेव्हापासून. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, कोण आहे, कोण आहे. गावातली पोरं चेष्टा करायला लागली. एकजण म्हणाला, आजी, मीच तुझा भाऊ, ओवाळ मला. ओवाळणार होते मी त्याला. शोभानं हाकललं." ती हसली. पुढचे दात नव्हते, तिथं अंधार दिसला. "मग शोभा म्हणाली, आजी, चंद्रसुद्धा गेला आता. ताट उचललं."

"गया, आज ओवाळ. मी साडी आणलीय."

"आज काय आहे?"

"काही नाही. पण मी आलोय."

"बीज वर्षातनं एकदा येते भाऊ." भाऊ म्हणाली ती. एकोणीस वर्षांनी म्हणाली. "तुला रांग आवडते ना? मग रांगेत ये. पुढच्या बिजेला ये, ओवाळते. साडी तेव्हाच घेऊन ये."

"येईन."

"जेवून जा आता. वांग्याची भाजी करते. अनोळखी माणूस दारात आला तरी आम्ही उपाशी पाठवत नाही."

जेवताना तिनं माझ्या ताटात दोनदा भाकरी वाढली. तिसऱ्यांदा हात चुकला आणि भाकरी जमिनीवर पडली. मी उचलून खाल्ली. तिला ते दिसलं नाही.

परत आल्यावर मी डबा कुलथेबाईंना नेऊन दिला. उरलेल्या कार्डांना वर्गातल्या बायकांनी उत्तरं लिहिली. अल्ताफकडे जाऊन मी माफी मागितली. "जाऊ द्या काका," तो म्हणाला, पण नंतर तो कधी ओट्यावर टेकला नाही. कार्ड टाकायचा आणि जायचा.

मी गयाला दर सोमवारी कार्ड लिहायला लागलो. तिचं उत्तर एकही आलं नाही. मला वाटलं, राग आहे. राहू दे राग, पोचतंय तेवढं पुरे. डोळ्यांचं ऑपरेशन करून घे, मी पोपटला पाठवतो, पैसे आमच्याकडे आहेत, असं चार वेळा लिहिलं. मीच जाऊन यावं, असं ठकूबाई म्हणायची. मी म्हणायचो, तिनं बिजेला ये म्हटलंय, आधी गेलो तर आणखी चिडेल.

ऑगस्टच्या शेवटी निळ्या शाईचं गोल अक्षराचं कार्ड आलं. ते मी दारातच, उभ्या उभ्या वाचलं. अल्ताफ सायकल धरून उभा होता. त्यानं आधीच वाचलं होतं, आणि मी त्याला काही म्हणालो नाही.

दहाव्याला मी सावरखेड्याला गेलो. गया विहिरीवर गेली होती. कठडा कुठं संपतो ते तिला दिसलं नाही. सगळं आटोपल्यावर शोभानं घरातून एक पुडकं आणून माझ्या पुढ्यात ठेवलं. माझी कार्डं होती. एकोणचाळीस. सुतळीनं बांधलेली, पालथी, आधी आलेलं वर.

"मामा, आजींनी ही मला वाचू दिली नाहीत," ती म्हणाली. "मी चार वेळा म्हटलं, वाचून दाखवते. म्हणाल्या, त्याचं पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही. बिजेला तो येईल, तोच वाचून दाखवील."

ऑपरेशनचं मी त्यातल्याच चार कार्डांत लिहिलं होतं.

हिरवी साडी ठकूबाईनं पुन्हा पेटीत ठेवली. ठकूबाई दोन हजार सहा साली माघात गेली. अल्ताफ त्याच्या आधी, नोकरीत असतानाच गेला. माझी बहीण गयाबाई सत्तावीस ऑगस्ट एकोणीसशे चौऱ्याण्णव रोजी, शनिवारी सकाळी, सावरखेड्याच्या विहिरीत पडून गेली. बिजेला सत्तर दिवस होते.